दाढेची सावली

आमच्या इमारतीच्या जिन्यात अधूनमधून कुणीतरी मला अडवतं आणि मोबाइल पुढे करतं. पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी असतं, त्यात पांढऱ्या सुळक्यांसारखी दोन-तीन मुळं. "काका, जरा बघा ना. डॉक्टर म्हणतात रूट कॅनल करावं लागेल. खरंच लागेल का?" मी डॉक्टर नाही. एका दंत महाविद्यालयाच्या एक्सरे विभागात तंत्रज्ञ म्हणून माझी नोकरी झाली, एवढंच. त्यामुळे रूट कॅनल लागेल की नाही, हे मी सांगत नाही. पण हा एक्सरे कशासाठी काढला, त्यात काय दिसू शकतं आणि काय दिसूच शकत नाही, हे मला ठाऊक आहे. जिन्यात घाईघाईनं सांगतो ते इथे जरा सवडीनं सांगतो.

आपण दाढ दुखते म्हणून खुर्चीत बसतो तेव्हा डॉक्टरांच्या हाती काय असतं? डोक्यावरचा दिवा, छोटा गोल आरसा आणि टोकाला वाकवलेली एक बारीक सळई. एवढ्यावर दाताचा हिरडीच्या वरचा भाग नीट तपासता येतो. पण दात म्हणजे जमिनीत रोवलेला खुंटा. गोठ्यातला खुंटा वरून ठणठणीत दिसतो, मातीखाली तो कुजलाय की नाही हे उपटल्याशिवाय कळत नाही. दात उपटून बघता येत नाही, म्हणून एक्सरे काढायचा.

मातीखालचं म्हणजे काय काय? दाताचं मूळ आणि त्याला धरून ठेवणारं जबड्याचं हाड, हे तर आलंच. शिवाय दोन दाढा एकमेकींना जिथे चिकटतात ती फट. किडीची ती आवडती जागा, आणि तिथे ना आरसा पोचतो ना सळई. तिसरी जागा म्हणजे जुन्या सिमेंटखालचा किंवा कॅपखालचा दात. आणि चौथी, अजून हिरडीतून वर न आलेले दात: मुलांचे पक्के दात, मोठ्यांच्या अक्कलदाढा.

मात्र एक्सरेची पाळी तपासणीनंतर येते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण दाताचं दुखणं फार लबाड असतं. खालच्या दाढेची कळ कानात जाते. वरची दाढ दुखत असताना माणूस खात्रीनं खालच्या दाढेवर बोट ठेवतो. म्हणून डॉक्टर आधी विचारतात: थंड लागलं की कळ किती वेळ टिकते? रात्री झोपमोड होते का? चावताना दुखतं की आपोआप? मग आरशाच्या दांड्यानं एकेका दातावर हलकेच टकटक करतात, कधी दातावर थंडगार बोळा टेकवतात. एवढं झाल्यावर त्यांच्या मनात एक प्रश्न तयार होतो आणि एक्सरे त्या प्रश्नासाठी काढला जातो. मनात प्रश्नच नसेल, तर समोर आलेल्या चित्रात नेमकं कुठे बघायचं हेही ठरत नाही. तोंड उघडून बघण्याआधीच कुणी एक्सरेची चिठ्ठी हातात ठेवली, तर "यातून काय बघायचंय?" असं आपण नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

आता ही चित्रं तयार कशी होतात ते बघू. एक्सरेला आपण सहज फोटो म्हणतो, पण खरं तर ती सावली असते. भिंतीसमोर हात धरला आणि मागून बॅटरी मारली की पडते तशी. फरक इतकाच, की हे किरण अंगातून आरपार जातात. गालातून, जिभेतून सहज जातात. हाडात त्यांचा बराच भाग अडतो. दाताच्या कवचात त्याहून जास्त अडतो आणि धातूत जवळजवळ सगळाच. दाताच्या पलीकडे ठेवलेल्या फिल्मवर जिथे किरण पोचतात तिथे काळं होतं, जिथे पोचत नाहीत तिथे पांढरं राहतं.

दाताचं कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते वजनानं साधारण ९६ टक्के खनिज असतं. शरीरात त्याच्याइतकं कठीण काहीच नाही. म्हणून एक्सरेत ते टोपीसारखं पांढरंशुभ्र दिसतं. त्याखालचं डेंटिन, म्हणजे दाताचा मुख्य गाभा, जरा करडं. अगदी मधोमध जी काळी रेघ मुळाच्या टोकापर्यंत उतरते ती नसेची पोकळी. सभोवतालचं हाड जाळीसारखं दिसतं. चांदीचं सिमेंट किंवा धातूची कॅप असेल तर तिथे ठार पांढरा गोळा. कीड म्हणजे त्या जागचं खनिज विरघळून गेलेलं, म्हणून तिथे काळसर डाग.

मुळाच्या टोकाशी गोल काळी छाया दिसली की लोक म्हणतात, "पू दिसतोय." पू दिसत नाही. दिसतं ते हरवलेलं हाड. नसेतला जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून बाहेर पडला की तिथलं हाड विरघळायला लागतं आणि त्या खळग्याची छाया पडते. हा फरक शब्दांचा वाटेल, पण एका नेहमीच्या घोटाळ्याची चावी त्यातच आहे. त्याकडे पुढे येतोच.

विल्हेल्म राँटजेन यांना जर्मनीतल्या व्युर्झबुर्गला हे किरण सापडले ते ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. दोन-अडीच महिन्यांच्या आत, जानेवारी १८९६ मध्ये, ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ओटो वालकहॉफ यांनी स्वतःच्याच दाढांचा एक्सरे काढून घेतला. काळ्या कागदात गुंडाळलेली काच तोंडात धरून ते २५ मिनिटं निश्चल राहिले होते. आज तेवढ्याच कामाला सेकंदाचा काही अंश पुरतो. तरी आपल्याला जीभ हलवायची अनावर इच्छा होते, ती वेगळी गोष्ट.

कुठला एक्सरे काढायचा, हे डॉक्टरांच्या प्रश्नावरून ठरतं. दवाखान्यात मोजके तीन-चार शब्द कानावर पडतात, ते ओळखून ठेवले की बरं.

सगळ्यात नेहमीचा तो छोटा एक्सरे. चिठ्ठीवर त्याला आयओपीए लिहितात. तोंडाच्या आत ठेवलेल्या फिल्मवर दोन-तीन दात मुळाच्या टोकासकट आणि भोवतीच्या हाडासकट येतात. एकाच दाताबद्दल प्रश्न असेल तर हाच. हल्ली फिल्मऐवजी तारेला जोडलेली चपटी पट्टी तोंडात ठेवतात आणि चित्र लगेच संगणकावर उमटतं. त्याला आरव्हीजी म्हणतात. दवाखान्यात "आरव्हीजी काढूया" म्हणाले, तर तो छोटाच एक्सरे आहे, फक्त फिल्मशिवायचा.

दुसरा बाइटविंग. यात पट्टीला जोडलेल्या छोट्या पंखावर चावून धरायचं. वरच्या आणि खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात, मुळांची टोकं येत नाहीत. दोन दाढांच्या फटीतली कीड शोधायला याच्यासारखा दुसरा नाही. आपल्याकडे हा फार कमी काढला जातो आणि मला त्याचं नेहमी वाईट वाटतं. कारण दुखायला लागायच्या आधी कीड पकडायची तर ती इथेच सापडते, आणि आपल्याकडे बहुतेक माणसं दुखायला लागल्यावरच येतात.

तिसरा ओपीजी. यात आपण उभं राहायचं आणि यंत्र डोक्याभोवती फिरतं. दोन्ही जबडे, सगळे दात, अक्कलदाढा, जबड्याचे सांधे एका लांबट चित्रात येतात. जबड्याला मार लागला असेल, अक्कलदाढा काढायच्या असतील, मुलांच्या दातांना तारा लावायच्या असतील, तर हा. बारीक किडीसाठी मात्र याच्यावर विसंबू नये. चित्र मोठं असलं तरी बारकावा कमी असतो. "मोठाच काढा, एकदाच काय ते कळेल" असं म्हणणारे खूप भेटतात. जिल्ह्याच्या नकाशावर आपल्या गल्लीतला खड्डा शोधण्यातला तो प्रकार.

ओपीजी कधी कधी नाइलाजानंही काढावा लागतो. गुटखा, सुपारी, मावा वर्षानुवर्षं खाल्ला की गालाच्या आतलं अस्तर ताठरतं आणि तोंड उघडेनासं होतं. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. काहींच्या तोंडात एक बोटही जात नाही, तिथे पट्टी कुठून जाणार? राज्यात गुटख्यावर बंदी २०१२ मध्ये आली. त्यानंतरही माझ्यासमोर अशी तोंडं घेऊन पंचविशीतली मुलं उभी राहत होती.

चौथा सीबीसीटी, म्हणजे जबड्याचं तिन्ही बाजूंनी दिसणारं चित्र. इम्प्लांट बसवताना, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावताना, हाडाची जाडी-रुंदी मोजायला हा लागतो. खालच्या अक्कलदाढेची मुळं ओठाला संवेदना देणाऱ्या नसेला भिडलेली वाटली, तरी लागतो. ती नस दुखावली तर ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते. साध्या किडीसाठी हा कुणी काढायला सांगत नाही, सांगू नये.

एक्सरेच्या खोलीत जाण्याआधी तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात. दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल, तर ते. याच दाताचा एक्सरे नुकताच दुसरीकडे काढला असेल, तर तेही, आणि तो बरोबर असला तर उत्तमच. आणि पट्टी तोंडात गेली की उमासे येत असतील, तर तेही आधीच सांगावं. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

ओपीजी असेल तर मानेच्या वरचा सगळा धातू उतरवायचा. कुड्या, नथ, चमकी, मंगळसूत्र, केसातले आकडे, चष्मा, कवळी, कानातलं ऐकण्याचं यंत्र. "चमकी निघत नाही हो, राहू दे ना" हे मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. राहू दिलं की काय होतं? यंत्र फिरत असल्यामुळे एका कानातल्या कुडीची स्वतःची सावली तर पडतेच, शिवाय समोरच्या बाजूला जरा वर, एक फिकट मोठी भूतसावलीही पडते, आणि ती बरोबर एखाद्या दाढेवर जाऊन बसते. मग पुन्हा एक्सरे. म्हणजे चमकीपायी किरण दुप्पट.

आता खुर्चीत. छोट्या एक्सरेसाठी पट्टी दात आणि जीभ यांच्यामध्ये ठेवतात. खालच्या बाजूला ती तोंडाच्या तळाला रुतते आणि दुखते, हे खरं आहे. जीभ सैल सोडली तर कमी रुतते. आपण घाबरून ती ताठ करतो आणि पट्टी वर ढकलतो. तसं झालं की मुळाचं टोक चित्राबाहेर राहतं, आणि नेमकं तेच तर बघायचं असतं. वरच्या मागच्या दाढांच्या वेळी उमासे येतात. तेव्हा नाकानं सावकाश श्वास घ्यावा, लक्ष दुसरीकडे न्यावं. मी लोकांना एक पाय जमिनीपासून थोडा उचलून धरायला सांगायचो. जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ ठेवूनही काहींना बरं पडायचं. हसू येतं, पण पट्टी आत राहते.

पुढची पायरी कोनाची, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, तो आपण पाहिला असेल. बाहुली पडद्याला टेकवली की सावली रेखीव पडते. जरा मागे घेतली की मोठी आणि धूसर होते, तिरकी धरली की हात-पाय लांबतात. दाताचंही तसंच. किरण सोडणारी यंत्राची नळी वरून किंवा खालून चुकीच्या कोनात आली की मूळ ताणल्यासारखं लांब दिसतं, नाहीतर दामटल्यासारखं बुटकं. बाजूनं तिरकी आली की शेजारच्या दाढांच्या सावल्या एकमेकींवर चढतात आणि मधली फट, म्हणजे किडीची जागा, झाकून जाते. नळी पट्टीवर नीट न रोखल्यास चित्राचा एक कोपरा कोराच येतो. हे टाळायला पट्टी धरणारा एक प्लास्टिकचा सांगाडा मिळतो, त्यात नळीचा कोन आपोआप जुळतो. दवाखान्यात तो दिसला तर समजावं, इथे काम मन लावून होतं. रुग्णाला स्वतःच्या बोटानं फिल्म दाबून धरायला लावणं ही जुनी सवय. ती आता जायला हवी.

ओपीजीत उभं राहिल्यावर पुढच्या दातांनी एक छोटी दांडी चावायची, ओठ मिटायचे आणि जीभ टाळ्याला चिकटवून धरायची. हे शेवटचं फार जण विसरतात. जीभ खाली राहिली की टाळू आणि जीभ यांच्यामधल्या हवेची काळी पट्टी वरच्या दातांच्या मुळांवर पसरते आणि मुळं त्यात हरवतात. यंत्र फिरत असतं ते दहा-पंधरा सेकंद. तेवढा वेळ गिळायचं नाही, मान हलवायची नाही.

बटण दाबताना डॉक्टर किंवा असिस्टंट ताई दूर जातात किंवा भिंतीआड होतात, आणि आपल्या मनात शंका येते: इतकं निर्धोक आहे, तर हे का पळतात? याचं उत्तर न्यू ऑर्लीन्सच्या एडमंड केल्स यांच्याकडे आहे. अमेरिकेत दातांचे एक्सरे रुजवणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी ते एक. नळी नीट चालते की नाही हे बघायला ते दर वेळी आपलाच हात किरणांत धरत. वर्षानुवर्षं. पुढे कर्करोगानं त्यांची बोटं गेली, मग हात गेला. १९२८ साली ते गेले. आपण वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी तिथे बसतो, यंत्र चालवणारा माणूस दिवसातून कितीतरी वेळा तिथे असतो. त्यानं साधारण दोन मीटर दूर उभं राहायचं असतं, कारण अंतर दुप्पट झालं की किरणांचा मारा चौथाई होतो.

आणि आपल्याला मिळणारे किरण किती? हे मोजतात मायक्रोसिव्हर्टमध्ये, म्हणजे किरणांचा शरीरावर होणारा परिणाम मोजायच्या एककात. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आणि खाण्यापिण्यातून आपल्या अंगावर किरण रोज येतच असतात. जगाची सरासरी धरली तर वर्षाला सुमारे २,४०० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला सहा-सात. दाताचा एक छोटा डिजिटल एक्सरे बहुधा दहाच्या आतच असतो: एखाद्या दिवसाचं जगणं. ओपीजी म्हणजे दोन-चार दिवसांचं. सीबीसीटी मात्र यंत्रावर आणि चित्राच्या आकारावर अवलंबून अनेक दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तो विचार करूनच काढायचा. यंत्र बंद झालं की किरण संपले. खोलीत काही साठून राहत नाही, तोंडातही नाही. एक्सरेनंतर घरी जाऊन तान्ह्या बाळाला घ्यावं की नाही असं विचारणाऱ्या आया मला भेटल्या आहेत. खुशाल घ्यावं.

गरोदरपणात दाताचा एक्सरे अजिबात चालत नाही, हा समज फार घट्ट आहे. किरण जबड्यावर रोखलेले असतात, पोटापर्यंत पोचणारा त्यांचा अंश नगण्य असतो. दुखऱ्या दाताचा जंतुसंसर्ग तसाच वाढू देणं आईला जास्त महागात पडू शकतं. नेहमीच्या तपासणीचा एक्सरे पुढे ढकलता येतो, तातडीचा ढकलायची गरज नसते. मात्र दिवस गेलेत हे सांगायचंच.

शिसं घातलेला जड एप्रन आपल्याकडे अनेक दवाखान्यांत देतात. गंमत म्हणजे अमेरिकन डेंटल असोसिएशननं फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं, की आताच्या यंत्रांना एप्रनची आणि गळ्याच्या पट्ट्याची सरसकट गरज उरलेली नाही. किरणांचा झोत नेमका आखून घेणं आणि विनाकारण एक्सरे न काढणं हे त्याहून महत्त्वाचं. ओपीजीत तर गळ्याचा पट्टा कधी कधी चित्राच्याच आड येतो. तेव्हा एप्रन दिला नाही म्हणून भांडायची घाई नको. दिला तर घालून बसावं. विचारायचंच असेल तर यंत्राची एईआरबीकडे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, नोंद आहे का, हे विचारावं. मुंबईत अणुशक्तिनगरला त्यांचं मुख्यालय आहे आणि दातांच्या एक्सरे यंत्रालाही त्यांची परवानगी लागते.

चित्र आलं. आता वाचन, आणि मघाचा घोटाळा. "एक्सरे नॉर्मल आला, मग दुखतंय कशानं? उगाच काढला." उगाच नव्हे. नसेला सूज आली, तरी ती एक्सरेत दिसत नाही. पू होऊन दोन दिवसच झाले असतील, गाल टम्म सुजला असेल, तरी चित्र स्वच्छ येऊ शकतं, कारण छाया पडण्याइतकं हाड अजून विरघळलेलं नसतं. किडीचंही असंच: जागचं तीस-चाळीस टक्के खनिज गेल्यावर मग डाग नजरेत भरतो. म्हणून खरी कीड दिसणाऱ्या किडीपेक्षा नेहमी थोडी पुढे गेलेली असते. दाताला उभी चीर गेली असेल, तीही बहुधा दिसत नाही. आणि सर्दीनं गालाच्या हाडातल्या पोकळ्या भरल्या, तर वरच्या दाढा ओळीनं ठणकतात आणि एक्सरेत सगळ्या साळसूद दिसतात. त्या वेळी "दातात काही नाही" हे उत्तरही उपयोगाचंच. एक दाढ वाचली.

याच्या उलट, नसलेलं दुखणं दिसतं असंही होतं. खालच्या जबड्यात, सुळ्याच्या मागच्या दातांच्या मुळांजवळ, नस बाहेर येण्यासाठी एक नैसर्गिक भोक असतं. एक्सरेत ते गोल काळं दिसतं आणि बरोबर मुळाच्या टोकावर पडलं तर हुबेहूब पुवाच्या खळग्यासारखं. खात्री करायची रीत साधी आहे: नळी थोडी सरकवून दुसरा एक्सरे काढायचा. एक डोळा मिटून समोर बोट धरावं, मग दुसरा डोळा मिटावा. बोट मागच्या खांबावरून सरकतं ना, तसंच. डाग मुळाला चिकटून राहिला तर तो मुळाचा, सरकला तर भोकाचा. दाताच्या मानेशीही अशी एक काळी पट्टी उगीचच दिसते, तिथे कवच संपतं आणि हाड अजून सुरू झालेलं नसतं म्हणून. मोबाइलवर चित्र मोठं करून "इथे काळं आहे बघा" म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच जरा दमानं घ्यायला सांगतो.

एक छोटी गोष्ट चित्र बघताना लक्षात ठेवावी: ओपीजीत माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असल्यासारखा असतो, म्हणजे आपली उजवी बाजू चित्राच्या डाव्या हाताला. दातांचे आकडेही दोन वेगळे अंक म्हणून वाचायचे. ३६ म्हणजे छत्तीसावा दात नव्हे, तोंडात असतातच बत्तीस. तीन म्हणजे खालची डावी बाजू, सहा म्हणजे मधून मागे मोजत गेल्यावर सहावा दात. चिठ्ठीवर ३६ असेल आणि एक्सरे काढणारा उजवीकडे पट्टी ठेवत असेल, तर आपण बोलावं. मला दोनदा रुग्णांनीच वाचवलं आहे.

रूट कॅनल सुरू झालं की एक्सरे एकावर थांबत नाही, आणि "परत कशाला?" हा प्रश्न इथे हमखास येतो. पहिला एक्सरे मुळं किती, वाकडी किती ते सांगतो. मग नसेच्या पोकळीत बारीक सुई घालून दुसरा काढतात, कारण सुई मुळाच्या टोकाच्या साधारण मिलिमीटरभर अलीकडे थांबली पाहिजे. पुढे गेली तर हाड टोचलं जातं, अलीकडे राहिली तर कुजका भाग आत राहतो. लांबी मोजणारं विजेवरचं यंत्र हल्ली असतं, त्यामुळे एखादा एक्सरे वाचतो. शेवटी पोकळीत गटापर्चा, म्हणजे रबरासारखा झाडाचा चीक, भरल्यावर तो टोकापर्यंत पोचला का ते बघायला आणखी एक. आणि सहा महिन्यांनी ते वर्षानं पुन्हा एक, हाड भरून येतंय का हे बघायला. हा शेवटचा आपण हमखास टाळतो, कारण तोवर दुखायचं थांबलेलं असतं.

मुलांच्या बाबतीत एक चूक घरोघरी होते. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप एक पक्की दाढ येते. तिच्यासाठी दुधाचा कुठलाच दात पडत नाही, म्हणून आईवडील तिलाही दुधाची समजतात. किडली तरी "पडणारच आहे ना" म्हणून सोडून देतात. ती पडणार नसते, जन्मभराची असते. एक्सरेत दुधाच्या दातांखाली पक्क्या दातांच्या कळ्या रांगेनं दिसतात. या दाढेखाली काहीच नसतं. ते चित्र आईला एकदा दाखवलं की समजावत बसावं लागत नाही. वरचे सुळे दहाव्या-अकराव्या वर्षीही हिरडीवर चाचपत नसतील, तर ते आडवे अडकलेत का, हेही एक्सरेच सांगतो. मुलांसाठी पट्टी लहान असते आणि किरणही कमी द्यायचे असतात. त्यांच्या वाढत्या पेशी जास्त नाजूक असतात. सगळ्यांनी दर सहा महिन्यांनी एक्सरे काढलाच पाहिजे असा काही नियम नाही. ज्याचे दात वारंवार किडतात त्याला लवकर, ज्याचे धड आहेत त्याला उशिरा.

राहिलं जपून ठेवणं. हल्ली डॉक्टर पडद्याचा मोबाइलनं फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. त्यात चकाकी येते, कडा कापल्या जातात, तारीख उडते. संगणकातली मूळ फाइल मागावी, ती मिळते. जुनी फिल्म असेल तर छोट्या कागदी पाकिटात, वर नाव, दात आणि तारीख लिहून.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ती तशी ठेवली होती, रेशनकार्डाच्या पिशवीत. वरच्या पुढच्या दाताचं रूट कॅनल झाल्याला बरीच वर्षं झाली होती. नव्या डॉक्टरांना मुळाच्या टोकाशी काळी छाया दिसली आणि त्यांनी पुन्हा सगळं उकरावं लागेल असं सांगितलं. काकूंनी पिशवी काढली. फिल्म कडांना तपकिरी पडली होती; डेव्हलप केल्यावर कुणीतरी ती धुण्यात घाई केली असणार, तो कुणीतरी मी नसेन अशी आशा. पण छाया ओळखू येत होती, आणि सहा वर्षांपूर्वी ती आजच्या दुप्पट होती. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली, संगणकाकडे बघितलं, परत फिल्मकडे बघितलं. "भरत आलंय हे," ते म्हणाले. "राहू दे. वर्षानं दाखवा." नवा एक्सरे व्हॉट्सअ‍ॅप करतो म्हणाले, तर काकू म्हणाल्या, "नको, कागदावर द्या. आणि वर तारीख घाला."